दीड इंच बर्फ

उणे पाच

“ही सुतळी कसली हो, भाऊ?”

सरूबाईने झाडूचा दांडा मशीनच्या मुठीला टेकवला. धर्माजी घवाळीने मान वर केली नाही. सुतळीचं एक टोक दातांत धरून तो गाठ आवळत होता. बोटांनी आवळता येत नव्हती, म्हणून दातांनी.

“खटका ढिला झालाय,” तो दातांतूनच म्हणाला. “सारखा सुटतो.”

खटक्याला काहीही झालेलं नव्हतं. मुठीखालची ती लोखंडी पट्टी दाबून धरली की मशीन चालायची, सोडली की थांबायची. माणूस घसरला, पडला, त्याला चक्कर आली, तरी हात सुटताच पाती थांबावी एवढ्यासाठी ती पट्टी होती. धर्माजीने ती मुठीला बांधून टाकली. आता हात असो नसो, मशीन चालणार होती.

सकाळचे सव्वाआठ. डिसेंबर महिना. काशीमीऱ्याच्या नाक्यावरून आत वळलं की ट्रकांची गॅरेजं लागतात, मग गोदामं, आणि त्यातल्याच एका गोदामाला निळा रंग देऊन दारावर फायबरचं अस्वल उभं केलंय. हिमपरी स्नो पार्क. बाहेर टायरवाले उघड्या अंगाने जॅक लावत असतात आणि आत उणे पाच अंशांत छताच्या नळ्यांतून बर्फ भुरभुरतो. पहाटे तो पडून झाला की दहाच्या आत चालायच्या वाटेवरून उडवायचा आणि घसरगुंडीच्या टेकाडावर नेऊन टाकायचा, हे धर्माजीचं काम. अकरा वर्षं. त्याआधी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर वीस. गावी, संगमेश्वराकडे, कोणी विचारलं तर तो सांगायचा, “बर्फ काढतो.” मग गावातल्या पोरांना वाटायचं, गोळ्याची गाडी आहे.

बर्फ उडवायची ती मशीन लाल, छातीएवढी उंच, सव्वाशे किलोची. बर्फाच्या कुठल्याशा देशात कोणाच्या तरी अंगणात उमेदीची वर्षं काढून जुनी म्हणून इकडे आलेली. पेट्रोलचं इंजिन बंद हॉलमध्ये चालवलं तर धुराने माणसं जायची, म्हणून धर्माजीनेच ते काढून भाईंदरच्या ओळखीच्या वर्कशॉपात तिला मोटर बसवून घेतली, पंचवीस मीटर वायर जोडली. तेव्हापासून ती त्याची. फूटभर बर्फात ती होडीसारखी जायची. मागे नुसतं चालायचं.

गणपतीनंतर थंडावा करणाऱ्या दोन कॉम्प्रेसरांपैकी एक बसला. तेव्हापासून रोजचा बर्फ दीड इंच. फार तर दोन. एवढ्याशा बर्फात मोठ्या मशीनची पाती खालच्या रबरी मॅटला घासायची आणि ती अख्खी थरथरायची. थरथर मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरात, रोज दीड तास. आणि वर थंडी.

आधी करंगळी पांढरी पडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग दोन्ही हातांची आठही. पांढरी म्हणजे रक्तच नसल्यासारखी. घाम पुसायला हात कपाळावर न्यावा तर दुसऱ्याच कोणाचा हात लागल्यासारखं वाटायचं.

“मी टेकाडाकडून सुरू करतो,” तो म्हणाला. “तू इग्लूकडचं झाडून घे.”

“झाडते. पण सुतळी मना काय पटली न्हाय,” सरूबाई म्हणाली आणि पेणकरपाड्याहून रोज चालत येणाऱ्या तिच्या त्या दणदणीत पावलांनी घुमटाच्या बर्फघरामागे, इग्लूमागे गेली.

रजिस्टर

१ डिसेंबर. बर्फ दीड इंच. मोठी मशीन. ठीक.

२ डिसेंबर. दीड इंच. मोठी. ठीक.

३ डिसेंबर. दोन इंच. मोठी. मॅट फाटली, शिवली. ठीक.

४ डिसेंबर. दीड इंच. मोठी. ठीक. (अक्षर पहिलीतल्या पोराचं.)

शेऱ्याच्या रकान्यात जे लिहिलं गेलं नाही ते असं: सकाळी शर्टाची बटणं त्याची बायको सुलू लावते. “उशीर होतोय ना तुम्हाला,” एवढंच म्हणते. गेले दोन महिने ती ताटात भाकरी चुरून वाढते आणि वर कालवण ओतते, जणू या घरात ती तशीच खातात. त्याने का म्हणून विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

आणखी एक लिहिलं गेलं नाही. स्टोअरमध्ये एक खोकं आहे. महिन्यापूर्वी आलेलं. आत छोटी मशीन, बॅटरीवरची, सोळा किलोची, खास पातळ बर्फासाठी. मॅनेजर कौस्तुभने मागवली. रोज तो विचारतो, “काका, उघडलं का?” रोज धर्माजी म्हणतो, “खेळणं आहे ते, सर. चार दिवसांत मोडेल.” आणि त्याच खोक्यावर बसून चहा पितो.

खोक्यावर चित्र आहे. गुलाबी जाकीट घातलेली एक बाई ती मशीन ढकलतेय. हसतेय. एका हाताने ढकलतेय.

त्या एका हाताकडे धर्माजीने पुष्कळ वेळा पाहिलं होतं. मोठी मशीन पार्कात दुसऱ्या कोणाला वळवतासुद्धा येत नव्हती. एकदा सिक्युरिटीवाल्याने हौसेने धरली आणि सरळ भिंतीत घातली. मोठी आहे तोवर धर्माजी आहे. छोटी कोणीही चालवील. मग सत्तावन्न वर्षांच्या, बोटं गेलेल्या माणसाला कोण कशाला ठेवील?

उणे पाच, पंधरा मिनिटांनी

टेकाडाकडची वाट झाली. धर्माजी इग्लूच्या दिशेने वळला.

मुठी हातात होत्या एवढंच दिसत होतं. कळत नव्हतं. तो डोळ्यांनी हात बघून मशीन धरत होता. नजर हातांवर, म्हणून जमिनीवर नव्हती, आणि तीन तारखेला त्यानेच शिवलेली मॅटची शिवण उचकटून वर आली होती ती त्याला दिसली नाही.

पात्याने शिवण पकडली. मशीनने असा हिसका दिला की दोन्ही मुठी त्याच्या हातांतून गेल्या आणि तो गुडघ्यांवर बसला.

पट्टी सुटायला हवी होती. मशीन थांबायला हवी होती.

मशीन पुढे गेली.

“सरूऽऽ!”

इग्लूमागून सरूबाई बाहेर आली ती पाठमोरी, वाकून, फायबरच्या पेंग्विनांच्या पायाशी साचलेला बर्फ झाडूने ओढत. पात्यांच्या आवाजाला तिचे कान इतके सरावले होते की तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. सव्वाशे किलो लाल लोखंड तोंड उघडं टाकून तिच्याकडे सरळ रेषेत चाललं होतं, घाई न करता, रोजच्याच चालीने.

धर्माजी उठला. घसरला. परत गुडघ्यांवर आला.

मग आवाज थांबला.

कोणी काही केलं नव्हतं. वायर संपली होती. पंचवीस मीटर पूर्ण ताणली गेली आणि भिंतीतला प्लग आपोआप उपटून आला. मशीनची पाती सरूबाईच्या टाचेपासून हातभर अलीकडे दोन फेरे सावकाश फिरली आणि उभी राहिली.

सरूबाईने तेव्हा मागे पाहिलं. मशीनकडे. मग मुठींमागे कोणीच नाही याकडे. मग लांब गुडघ्यांवर बसलेल्या धर्माजीकडे.

तिने झाडू पेंग्विनाला टेकवून ठेवला, चालत आली, त्याच्या समोर बसली आणि त्याचे हातमोजे ओढून काढले. एक. मग दुसरा.

“आई गं,” ती म्हणाली. “हे कवापासून?”

अधिक एकोणतीस

बाहेर उन्हात, टायरवाल्याशेजारच्या टपरीवर. टपरीवाला यूपीचा. सरूबाई बाकावर बसून त्याच्यावर ओरडली, “भैया, दो चाय. स्टील के गिलास में मत दे, कागज के बड़े वाले में दे. पकड़ने को होना.”

धर्माजीने दोन्ही तळव्यांमध्ये कागदी ग्लास धरला, लहान मूल धरतं तसा. बोटं अजून मेणासारखी. थोड्या वेळाने ती निळसर झाली, मग लाल, आणि मग अशी ठणकायला लागली की त्याने ग्लास बाकावर ठेवला.

“सरू, मी…”

“गप बसा जरा. मना आदी चहा पिऊ द्या.”

ती प्यायली. पूर्ण. मग बोलली.

“सायबाला सांगा.”

“सांगितलं की घरी बसवतील.”

“आन न्हाय सांगलं तर मना मातीत घालशाल. माजी दोन पोरं हायत, भाऊ. नवरा काय हाय न्हाय ते तुमाला ठाव हाय.”

“तुझ्या पाया पडतो. परत सुतळी बांधणार नाही.”

“पाया बिया पडू नका. सुतळी न्हाय बांधली तर दाबणार कशानं? ह्या बोटांनी? ही बोटं तर मसणात गेली.” ती एवढं बोलून थांबली आणि तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने पदराने उगाच बाक पुसला. “बगा. साडेआठ वाजून गेलं. कौस्तुभ सर नवाला येतील. तुमी सांगा. तुमी न्हाय सांगलं तर मी सांगंन. मी सांगलं तर चुगली व्हईल. तुमी सांगलं तर…” तिने रिकामा ग्लास चुरगळला. “तर तुमी सांगलं असं व्हईल.”

समोरून एक ट्रेलर वळण घेत होता. क्लीनर खाली उतरून “आने दे, आने दे” करत मागे मागे चालत होता. धर्माजी त्याच्या हातांकडे बघत राहिला. काय सहज हलत होते.

अधिक चोवीस

ऑफिसचा एसी. कौस्तुभ शांतीनगरहून स्कूटरवर आलेला, हेल्मेट अजून टेबलावर. वय तेहतीस. समोर धर्माजी उभा, हातमोज्यांशिवाय, टेबलावर सुतळीचा तुकडा.

“बसा ना, काका.”

“उभाच बरा.”

आणि त्याने सांगितलं. करंगळीपासून सुरुवात केली, वायर संपली तिथे थांबला. मधे काही गाळलं नाही. भाकरीचंसुद्धा सांगितलं, ते का सांगतोय हे त्याला कळलं नाही.

कौस्तुभचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“सुतळी? सेफ्टी लिव्हरला सुतळी बांधली? काका, दहाला शाळा येतेय! दोनशे पोरं! तिथे सरूबाईंच्या जागी पोरगं असतं तर? तुम्ही मला… अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे! मी नवीन आलो तेव्हा तुम्ही मला शिकवलंय, हात कुठे घालायचा नाही ते!”

“हो, सर.”

“हो सर काय हो सर!”

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. बसला. हेल्मेट बाजूला सारून त्याने विचारलं, “मग ती छोटी का नाही उघडलीत? ती महिनाभर पडलीये तिथे. मी वर किती भांडलो त्यासाठी माहितीये? मोठीने मॅट फाटतात, पातळ बर्फाला ती चालत नाही, हे मी त्यांना ड्रॉइंग काढून समजावलं. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल.”

धर्माजी सुतळीकडे बघत होता.

“ती कोणीही चालवील, सर,” तो म्हणाला. “खोक्यावर दाखवलंय तसं. एका हाताने. मग मी कशाला?”

असल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका कौस्तुभ मोठा नव्हता, आणि खोटं देण्याइतका लबाडही नव्हता.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “खरंच. पण आत्ता नऊ वीस झालेत, अर्धी वाट बर्फाखाली आहे, मॅट उचकटलीये, आणि मला त्यातलं काही येत नाही. चला. खोकं उघडू.”

उणे पाच

खोकं कौस्तुभने चावीने फाडलं. छोटी मशीन थर्मोकोलमधून बाहेर आली ती जणू पिशवीतली भाजी. काळी, दोन चाकं, एक रुंद रबरी पातं. लोखंडी दात नाहीतच.

“रबर?” धर्माजी म्हणाला.

“मॅटला लागू नये म्हणून.”

धर्माजी वाकला. पात्यावर पालथा हात फिरवला. उठून त्याने मूठ धरली. खटका इथेही होता, पण तो जाड, गोल, तळव्याने दाबायचा. बोटांचं कामच नव्हतं.

दाबला.

त्याला आधी वाटलं मशीन चालू झाली नाही. आवाज मिक्सरएवढा. मुठीत काहीच नाही. तो खाली बघेपर्यंत समोर बर्फाची एक पातळ कमान उठली होती आणि भुसभुशीत होऊन टेकाडाच्या पायथ्याशी पडत होती. मागे काळी मॅट, धुतल्यासारखी.

तो चार पावलं गेला. थांबला. परत गेला. थरथर येईल म्हणून त्याने खांदे आवळून धरले होते, कोपर अंगाशी घट्ट, दात एकमेकांवर. दहा-बारा पावलांनंतर त्याच्या लक्षात आलं की आवळून धरण्यासारखं काहीच येत नाहीये. मग खांदे हळूहळू खाली आले. ते किती वर आले होते हे त्याला खाली आल्यावर कळलं.

“कसंय?” सरूबाई लांबून ओरडली. या खेपेला ती मशीनच्या बाजूला उभी होती, पुढे नाही.

“हलकी आहे गं!”

“मग हसताव कशाला?”

तो हसत होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

वीस मिनिटांत वाट झाली. उचकटलेली मॅट त्याने सरूबाईकडून शिवून घेतली, सुई कुठे घालायची ते बोलून दाखवत. टेकाडाच्या डाव्या अंगाला बर्फ नेहमी कमी टिकतो, कारण तिथे भिंतीपलीकडे ऊन येतं. तिथे त्याने तिला बर्फाचा एक थर जास्त टाकायला लावला. इग्लूच्या दारात पातळ थर राहू दिला, नाहीतर पोरं घसरतात. कौस्तुभ हे सगळं हात बगलेत धरून, कुडकुडत बघत होता.

“हे कुठे लिहिलेलंय?” त्याने विचारलं.

“कशाला लिहायचं?”

“उद्यापासून सरूबाईंना छोटी शिकवा,” कौस्तुभ म्हणाला. धर्माजीचा चेहरा पाहून तो घाईने पुढे बोलला, “ऐका तरी. दोघांनी आलटूनपालटून. अर्धा तास आत, अर्धा तास बाहेर, उन्हात. कोणी सलग दोन तास नाही. बर्फ जास्त असला तर लवकर सुरू करायचं आणि तीन फेऱ्या मारायच्या. आणि कुठे किती ठेवायचा, कुठून काढायचा, ते तुम्ही ठरवायचं. आणि डॉक्टरचा कागद हवाय मला. शनिवारपर्यंत. आणि सुतळीचं मला वर कळवावं लागेल. ते मी लपवणार नाही.”

“लपवू नका,” धर्माजी म्हणाला. “आणि मोठी?”

कौस्तुभने मोठीकडे पाहिलं. ती पेंग्विनांपुढे जिथे थांबली होती तिथेच होती.

“ती तुम्ही सांगाल तेव्हा काढू.”

“आजच काढा,” धर्माजी म्हणाला. तो तिच्याजवळ गेला, प्लगसकट वायर गुंडाळून तिच्या मुठीवर नीट टाकली, कोणाच्या खांद्यावर टॉवेल टाकावा तशी. “पोरं येतायत. मधे नको.”

सिक्युरिटीवाल्यासह चौघांनी ती ढकलत नेली. वळवताना चौघांना जमेना. “डावं चाक आधी मोकळं सोडा,” धर्माजी मागून म्हणाला, हात न लावता. सोडलं. वळली.

रजिस्टर

५ डिसेंबर. दीड इंच. मोठी मशीन सुटली, सरू पात्यात आली असती, वायर संपली म्हणून वाचली. चूक माझी. नंतर छोटी. ठीक.

“ठीक” खोडलं. परत लिहिलं.

अधिक एकतीस

उन्हात उभं राहून त्याने सुलूला फोन लावला.

“अगं, मी बोलतोय.”

“काय झालं?” या वेळेला त्याचा फोन येत नसे.

“काही नाही. सरांना सांगितलं. बोटांचं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“काय म्हणाले?”

“ओरडले. पण ठेवलंय.”

“ठेवलंय ना?”

“ठेवलंय गं. डॉक्टरकडे जा म्हणाले.”

“मग मी काय म्हणत होते?” ती म्हणाली. ती यातलं काहीच कधी म्हणाली नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं. तिने नाक ओढलं. “शनिवारी जाऊ. मी येते बरोबर. ठेवा आता, भात लागेल.”

तोवर शाळेच्या बस आल्या. चार. दोनशे पोरं एकदम खाली सांडली आणि जाकिटांच्या काउंटरवर तुटून पडली. तीन शिक्षिका “लाइनमध्ये! लाइनमध्ये!” ओरडत होत्या. सरूबाई आत, इग्लूपाशी. धर्माजीची बाहेरची अर्ध्या तासाची पाळी चालू होती. असली पाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केली, म्हणून काय करायचं ते न सुचून तो दाराशी उभा होता.

“काका.”

खाली एक मुलगी. दुसरीतली असेल. पुढचे दोन दात नाहीत. भाड्याचं जाकीट गुडघ्यांच्या खाली, बाह्या लोंबतायत.

“काका, चेन लागत नाहीये.”

त्याने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. असं कोणी आलं की तो एवढंच म्हणायचा, आतल्या मावशीकडे जा. काउंटरवर कोणी मोकळं नव्हतं. मुलगी चेनची दोन्ही टोकं धरून उभी होती, हनुवटी वर करून.

धर्माजी तिच्यापुढे उकिडवा बसला. टोक बारीक होतं. खाच त्याहून बारीक. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा तिरपं गेलं.

“आमचे बाबा पण असंच करतात,” मुलगी म्हणाली.

तिसऱ्यांदा त्याने श्वास धरला, आणि टोक खाचेत बसलं. टक्. कानांना ऐकू येऊ नये एवढा बारीक आवाज होता. बोटाच्या टोकाला लागला.

त्याने चेन सावकाश वर ओढली, पोटापासून गळ्यापर्यंत.

“टोचते का?”

“नाही.”

ती पळाली. तो उठणार होता, तर तिच्या मागे आणखी तीन पोरं जाकिटं उघडी टाकून, हनुवट्या वर करून उभी होती.